सभागृह बांधताय? आधी टेम्पो कुठे लागेल ते ठरवा

वाचकांचे प्रश्न : इमारत आणि आपण

मागच्या अंकात सार्वजनिक इमारतींबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. आलेली बहुतेक पत्रं सभागृहांबद्दल निघाली. कुणी हॉल बांधायला निघालंय, कुणी चालवतंय, कुणी चार दिवसांसाठी भाड्यानं घेतंय, कुणी नुसतं ऐकायला येऊन बसतंय. मी जळगावात वास्तुरचनेचं काम करते आणि माझी बहुतेक कामं खानदेशातल्याच गावांत आहेत. त्यामुळे उत्तरं इथल्या उन्हाचा, इथल्या काळ्या मातीचा आणि इथल्या लग्नसराईचा विचार करून दिली आहेत.

प्रश्न : ताई, आमची शिक्षण संस्था बहुउद्देशीय सभागृह बांधणार आहे. साडेतीन एकर जागा आहे. विश्वस्त मंडळात सध्या एकच वाद चालू आहे, आसनं हजार की पंधराशे. काही मंडळी दिल्लीतलं यशोभूमी हे मोठं संमेलन-प्रदर्शन केंद्र पाहून आली आहेत. ‘आमना गावले बी आसा हॉल जोयजे,’ असं त्यांचं म्हणणं. आकडा ठरवायचा कसा?
— एक विश्वस्त, चोपडा तालुका

उत्तर : दादा, आसनांचा आकडा सगळ्यात शेवटी ठरतो. पुढच्या सभेला एक वही घेऊन बसा. तुमच्या टापूत वर्षभरात माणसं कशाकशाला जमतात ते महिन्यावार लिहा. लग्नं, साखरपुडे, शाळेचं स्नेहसंमेलन, केळी उत्पादकांची चर्चासत्रं, पतसंस्थेची वार्षिक सभा, बचत गटांचं प्रदर्शन, नेत्र तपासणी शिबिर, सप्ताह. प्रत्येकापुढे चार गोष्टी नोंदवा : माणसं किती होती, खुर्चीवर बसली की सतरंजीवर, जेवण होतं का, आणि सामान काय काय आलं. मी काम केलेल्या गावांत ही वही पुरी झाली की साधारण एकच चित्र दिसलं. हजारावर माणसं जमण्याचे दिवस मोजके, तेही लग्नसराईतले. उरलेलं वर्ष दीडशे ते चारशे माणसांचं. हजार आसनांच्या हॉलात दोनशे माणसं बसवली की बोलणाऱ्याचा हुरूप जातो, वीज तेवढीच जळते आणि भाडं मात्र दोनशे माणसांच्या ऐपतीचं मिळतं.

यशोभूमीकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते मुख्य सभागृहाच्या फोटोत दिसत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्रातलं मुख्य सभागृह सुमारे ६,००० आसनांचं आहे, हे सगळे सांगतात. पण त्याच्या जोडीला एक मोठं दालन आणि तेरा बैठकीच्या खोल्या आहेत, आणि सगळ्यांची मिळून क्षमता ११,००० आहे. म्हणजे जवळपास निम्मी माणसं मुख्य सभागृहाच्या बाहेरच बसतात. दुसरी गोष्ट, तिथल्या मुख्य सभागृहातली आसनं यंत्रानं हलतात. हवी तेव्हा सपाट जमीन, हवी तेव्हा पायऱ्यांची बैठक. ती यंत्रं आपल्या अंदाजपत्रकात बसणार नाहीत. बसली तरी घेऊ नका, बिघडली तर दुरुस्तीला माणूस कुठून आणणार? त्यामागचा विचार तेवढा घ्या, तो फुकट आहे. जमीन सपाट ठेवा. उतरती जमीन करून खुर्च्या पक्क्या बसवल्या की ते नाट्यगृह झालं. तिथे पंगत बसत नाही, स्टॉल लागत नाहीत, शिबिराच्या खाटा मांडता येत नाहीत.

आता हिशेब. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा असतील तर वाटा धरून माणशी साधारण १० चौरस फूट. समोर टेबल हवं असेल तर १६ ते १८. गोल टेबलावरचं जेवण १३ ते १५. प्रदर्शनाचं गणित निराळं आहे. स्टॉल ३ मीटर बाय ३ मीटरचा आणि समोरची वाटही ३ मीटरची, त्यामुळे हॉलची साधारण निम्मी जागा वाटांतच जाते. म्हणजे ६,००० चौरस फुटांत खुर्च्यांवर ६०० माणसं बसतील, टेबलं मांडली तर साडेतीनशे, आणि स्टॉल लागतील तीसच्या आसपास. ‘क्षमता ६००’ एवढंच पाटीवर लिहून भागत नाही, ते यासाठी.

तुमची वही पाहिल्याशिवाय पक्कं सांगणं बरोबर नाही, पण तालुक्याच्या गावासाठी माझं मन ६० बाय १०० फुटांच्या एका सपाट हॉलकडे झुकतं. मध्ये सरकतं पार्टिशन घालून त्याचे दोन भाग होतील, एक चारशेचा आणि एक दोनशेचा. सोबत चाळीस-पन्नास माणसांच्या दोन खोल्या. पुढे ऐसपैस पडवी, हॉलच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढी. ओळखीपाळखी, चहा, नोंदणी, चपला, सगळं तिथेच होतं. पार्टिशनबद्दल एक गोष्ट ठेकेदाराला लेखी द्या. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी पक्क्या छतापर्यंत बंद झालीच पाहिजे. नाहीतर पार्टिशन कितीही महागडं आणा, एका बाजूचं सनई-चौघडं दुसऱ्या बाजूच्या चर्चासत्रात ऐकू येणारच. आवाज वरून उडी मारून येतो. आणि दोन्ही भागांना दार, दिव्यांचा बोर्ड, हवेची सोय, ध्वनिक्षेपक हे सगळं वेगवेगळं ठेवा. ते एकत्र असेल तर हॉलचे दोन भाग कागदावरच राहतात.

प्रश्न : मी एका ट्रस्टच्या हॉलचा व्यवस्थापक आहे. रात्री अकराला लग्न आटोपतं आणि सकाळी आठला शिक्षकांचं प्रशिक्षण असतं. खुर्च्या ठेवायला जागा नाही, त्या पॅसेजमध्ये. मंडपवाले भिंतीत खिळे ठोकतात. लाइट बिलावरून दर वेळी वाद. फरशी उकलली आहे. आता ट्रस्ट नवीन हॉल बांधतंय. मी आर्किटेक्टना काय सांगू? ते मला विचारत नाहीत, पण मी सांगणार आहे.
— व्यवस्थापक, शिरपूर

उत्तर : तुम्ही सांगाच. आणि नकाशा होण्याआधी सांगा. नकाशा मंजूर झाल्यावर फक्त रंग बदलता येतो. ट्रस्टला माझं नाव सांगून म्हणा, पहिल्या बैठकीला तुमच्यासोबत एक मंडपवाला, एक आचारी, झाडलोट करणाऱ्या मावशी आणि तुमचा वायरमन बसू द्या. दोन कार्यक्रमांच्या मधल्या त्या नऊ तासांत हॉल ही माणसं चालवतात. इमारत चांगली की वाईट याचा निकाल त्या नऊ तासांत लागतो. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना त्यातलं काही दिसत नाही.

सगळ्यात आधी टेम्पो. सामानाची गाडी हॉलच्या मागच्या दाराला थेट लागली पाहिजे, पाहुण्यांच्या वाटेला न छेदता. ती वळण्यासाठी मागे मोकळं आवार, आणि हॉलची जमीन व बाहेरची जमीन यांच्यात पायरी नको, उतार हवा. आपल्याकडे कृषी प्रदर्शनं होतात, तेव्हा ट्रॅक्टर, फवारणी यंत्रं, शेततळ्याच्या कागदाची मोठाली भेंडोळी आत न्यावी लागतात. निदान एक दार १४ फूट रुंद आणि १५-१६ फूट उंच ठेवायला सांगा. रोजच्या वापरासाठी त्यातच छोटं दार काढता येतं. मागून आत आलेली वाट हॉलच्या एका कडेनं स्वयंपाकघर, कोठार आणि व्यासपीठाच्या मागच्या बाजूपर्यंत जाऊ द्या. वाढपी, सफाईवाले, लाइटवाले यांनी पाहुण्यांच्या गर्दीतून घुसत जायचं नाही, हा नियम नकाशातच असला की कुणाला ओरडावं लागत नाही.

कोठार. नकाशात काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री यालाच लागते. हॉलच्या क्षेत्रफळाचा दहावा भाग मागा आणि त्यावर अडून बसा. दहा-दहाच्या चळती लावल्या तर ५०० खुर्च्यांच्या ५० चळती होतात. एकेका चळतीला चार चौरस फूट धरा, वर ढकलगाडी फिरायला वाट, म्हणजे नुसत्या खुर्च्यांनाच चारशे चौरस फूट गेले. टेबलं, गाद्या, सतरंज्या, व्यासपीठाचे सुटे भाग वेगळे. कोठाराचं दार हॉलमध्येच उघडायला हवं, दुहेरी पाखांचं, उंबरठ्याशिवाय. कोठार वरच्या मजल्यावर दाखवलं असेल तर खोडून टाकायला लावा. रात्री अकराला खुर्च्या डोक्यावर घेऊन जिना चढायला कुणी तयार होत नाही, मग त्या पुन्हा पॅसेजमध्ये येतात आणि पॅसेज म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची वाट.

तुमची फरशी उकलली ती बहुधा खालच्या काळ्या मातीमुळे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं सगळं हलवते. खांबांचा पाया खोल नेला तरी फरशी मातीवरच टेकलेली असते, म्हणून इमारत उभी आणि फरशी फुटलेली असं दृश्य तापीकाठच्या पट्ट्यात जागोजाग दिसतं. उपाय जुना आणि खात्रीचा आहे. हॉलखालची काळी माती काढून मुरूम थराथरानं भरायचा, प्रत्येक थर पाणी मारून रोलरनं दाबायचा, त्यावर लोखंड घातलेलं काँक्रीट, आणि ते खांबांपासून व भिंतींपासून सुटं ठेवायचं. इमारतीभोवतीचं पाणी पायाशी मुरू द्यायचं नाही. भारतीय मानकाप्रमाणे सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाची जमीन चौरस मीटरला साधारण ५०० किलो भार धरून करतात. माणसांसाठी ते ठीक आहे. ट्रॅक्टर आणि यंत्रं आत येणार असतील तर इंजिनिअरला आधीच सांगा. जगातल्या मोठ्या प्रदर्शन केंद्रांची जमीन याच्या तिप्पट भारासाठी केलेली असते.

खिळे. मंडपवाला खिळे ठोकतो कारण त्याला बांधायला काही दिलेलं नसतं. भिंतीत दर आठ-दहा फुटांवर पक्क्या कड्या बसवा, छताच्या कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या मुख्य सांगाड्याला, टांगण्यासाठी ठरावीक आकडे द्या आणि प्रत्येकाखाली किती किलो चालेल ते रंगवून लिहा. पत्र्याच्या शेडचे हॉल वाढले आहेत. त्यांत पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना, ज्यांना पर्लिन म्हणतात, झुंबरं आणि लाइटचे सांगाडे टांगलेले मी पाहते तेव्हा पोटात गोळा येतो. त्या पट्ट्या पत्रा आणि वारा सांभाळायला असतात. टांगायचं ते मुख्य कैचीला, तेही डिझाइनमध्ये तो भार धरलेला असेल तरच.

विजेचा वाद मीटरनं मिटतो. भाडेकरूच्या वापराला वेगळं सब-मीटर, कार्यक्रमाआधी आणि नंतर दोघांच्या सह्यांनी आकडा. प्रदर्शनासाठी जमिनीत दर वीस फुटांवर झाकणाचे खड्डे ठेवा, त्यांत विजेची जोडणी, काहींत पाणी आणि निचरा. झाकण फरशीच्या पातळीत, नाहीतर खुर्ची डगमगते आणि माणूस ठेचकाळतो. व्यासपीठाजवळ थ्री-फेजची स्वतंत्र जागा द्या, म्हणजे ध्वनिक्षेपकवाला मुख्य बोर्ड उघडून तारा लावणार नाही.

स्वयंपाकघराबद्दल थोडंसंच सांगते, कारण तुमचा आचारी माझ्यापेक्षा जास्त सांगेल. नुसती गॅसची खोली आपल्याला पुरत नाही. भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची असतात, खापरावर मांडे करायचे असतात. त्यासाठी मागे पत्र्याची उंच, चारी बाजूंनी मोकळी शेड, धूर हॉलकडे येणार नाही एवढ्या अंतरावर. भांडी घासायच्या ओट्याच्या गटारीला तेल अडवणारा हौद हवाच.

प्रश्न : आम्ही बायका मिळून दर वर्षी बचत गटांच्या वस्तूंचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरवतो. हॉल बघायला जातो तेव्हा सगळेच चांगले दिसतात, अडचणी त्या दिवशीच कळतात. आधी काय बघावं?
— धुळे

उत्तर : सकाळच्या प्रसन्न वेळी जाऊ नका. दुपारी तीनला जा, आणि जमलं तर दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम उठत असताना जा. सामान कुठून निघतंय, बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग किती आहे, कचरा कुठे पडलाय, सगळं न विचारता दिसतं. हातात टेप न्या. सामानाच्या दाराची रुंदी मोजा. हॉलमध्ये खांब असतील तर त्यांच्यामधलं अंतर मोजा, कारण ३ मीटरच्या स्टॉलच्या मध्येच खांब आला तर तो स्टॉल कुणी घेत नाही. विजेचा एकूण मंजूर भार किती आणि जनरेटरवर काय काय चालतं ते लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर फक्त दिवे आणि माइक चालतात. पापड, शेव, मसाले विकणाऱ्या ताईंना पंख्याचा झोत नको असतो, साडीवालीला उजेड हवा असतो, गरम पदार्थवालीला पाणी हवं असतं. त्याप्रमाणे स्टॉलचा नकाशा तुम्ही स्वतः काढा, हॉलवाल्यांवर सोडू नका. लोकांना आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट वेगळी द्या, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या गटापुढूनही गिऱ्हाईक जातं. आणि भाड्याची चौकशी करताना मांडणीचा आदला दिवस आणि आवरण्याची रात्र त्यात धरली आहे का, हे पावतीवर लिहून मागा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. व्याख्यानांना आवडीनं जातो. पण नव्या हॉलमध्ये वक्त्याचा आवाज मोठा येतो आणि शब्द कळत नाहीत. वयामुळे असेल असं मुलगा म्हणतो. खरंच तसं आहे का?
— भुसावळ

उत्तर : नाही आबा, दोष तुमच्या कानांचा असेलच असं नाही. तुम्ही सांगता ते लक्षण घुमणाऱ्या हॉलचं आहे. चकचकीत फरशी, गुळगुळीत भिंती, वर पत्रा. आवाज शोषणारं काहीच नाही. एक शब्द विरायच्या आत पुढचे चार शब्द त्यावर येऊन आदळतात. आवाज वाढवला की गोंधळही वाढतो.

याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे, सॅबिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं मांडलेलं. ६० बाय १०० फुटांचा आणि २० फूट उंचीचा हॉल घ्या. रिकामा आणि उघडावाघडा असेल तर आवाज पूर्ण विरायला सहा सेकंदांच्या वर लागतात. पाचशे माणसं येऊन बसली की त्यांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, तो वेळ दोन सेकंदांच्या आसपास येतो. भाषण नीट कळायला तो एक सेकंदाजवळ हवा. छताच्या दोन-तृतीयांश भागाला चांगलं ध्वनिशोषक लावलं की तिथपर्यंत पोहोचता येतं. म्हणजे माणसं कमी असतील त्या दिवशी हॉल जास्त घुमतो. व्याख्यानाला शंभर माणसं आली तर हाल का होतात, ते यातच आहे.

व्यवस्थापनाला दोन गोष्टी सुचवा, दोन्ही फार खर्चाच्या नाहीत. मागच्या भिंतीला, म्हणजे व्यासपीठाच्या समोरच्या भिंतीला, जाड पडदा किंवा शोषक पट्ट्या लावा. तिथूनच आवाज उलटून येतो. आणि पुढे दोन भलेमोठे कर्णे ठेवण्याऐवजी हॉलच्या दोन्ही कडांना मध्येमध्ये लहान स्पीकर कमी आवाजात लावा. चित्रं दाखवायची स्क्रीन असेल तर शेवटची रांग तिच्या उंचीच्या आठपटीपेक्षा दूर नको, तेवढंही सांगा. तोवर तुम्ही मधल्या भागात, स्पीकरच्या समोर बसा.

प्रश्न : माझी आई चाकाच्या खुर्चीवर असते. नातीच्या सत्काराला तिला घेऊन गेलो तर चार जणांनी खुर्चीसकट उचलली. तिला ते फार लागलं. रॅम्प सक्तीचा नाही का?
— नंदुरबार

उत्तर : आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक इमारती सुगम असल्याच पाहिजेत. पण कायद्यापुरता बाहेर एक रॅम्प करतात आणि तिथेच थांबतात. रॅम्पचा उतार बारास एक हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन फुटी व्यासपीठावर जायला ३६ फूट लांब रॅम्प लागतो, मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळी. नकाशा काढताना ती लांबी धरली नाही तर नंतर कुठेच बसत नाही; मग उभा घसरगुंडीसारखा उतार करून ठेवतात, ज्यावरून खुर्ची ढकलताच येत नाही. सत्कार व्यासपीठावर असतो, त्यामुळे रॅम्प व्यासपीठापर्यंत गेला पाहिजे, हे मी प्रत्येक कामात भांडून करून घेते. तसंच रांगांमध्ये चाकाच्या खुर्च्यांसाठी मोकळ्या जागा हव्यात, मागे कोपऱ्यात नाही, मध्यभागी, घरच्या माणसांशेजारी. स्वच्छतागृहाचं एक दार निदान तीन फुटांचं आणि आत खुर्ची वळेल एवढी जागा. बायकांच्या बाजूला पुरुषांपेक्षा दुप्पट सोय, आणि हिरकणी कक्ष. आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : एसी लावावा की कुलर? दोन्हींचे कोटेशन घेतले आहेत.
— रावेर

उत्तर : कोटेशन घेण्याआधी पश्चिमेची भिंत बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारनंतरचं ऊन त्याच भिंतीवर येतं. हॉलची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, पश्चिमेला कोठार, जिना, स्वच्छतागृहं घाला, म्हणजे ऊन ती झेलतात. छपराला उष्णतारोधक पॅनेल आणि वर पांढरा थर. जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या छपराखाली गारवा राहायचा. आपल्याला तो परिणाम आता वेगळ्या साहित्यातून मिळवायचा आहे.

मग यंत्रं. एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडी असते, तेव्हा पाण्यावरचे मोठे डक्ट कुलर उत्तम चालतात आणि वीज एसीच्या मानानं फारच कमी घेतात. शिवाय ताजी हवा सतत आत येते. अट एकच, तेवढीच हवा बाहेर जायला वरच्या बाजूला झडपा हव्यात. जुलै ते सप्टेंबर हवेतच ओल असते, तेव्हा कुलर नुसती चिकचिक करतात. त्या महिन्यांत लग्नं थांबतात, चर्चासत्रं आणि प्रशिक्षणं होतात, माणसं कमी असतात. म्हणून माझा सल्ला, मोठ्या हॉलला कुलर आणि भक्कम पंखे, एसी फक्त पार्टिशनच्या दोनशेच्या भागाला आणि छोट्या खोल्यांना. बसलेला एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. पाचशे माणसांची ५० किलोवॅट, म्हणजे नुसती माणसांची ऊब काढायलाच १४ टनांचा एसी, छप्पर आणि दिव्यांची उष्णता वेगळी. ते बिल भाड्यातून निघणार आहे का, हे आधी पाहा.

प्रश्न : फुकटे घुसतात म्हणून कार्यक्रमाच्या वेळी बाजूच्या दारांना कुलूप लावतो. चालेल ना?
— पारोळा

उत्तर : नाही. कुठल्याही कारणानं नाही. माणसं आत असताना बाहेर पडायचं प्रत्येक दार आतून एका धक्क्यात उघडलं पाहिजे. त्यासाठी आतून दाबायची आडवी दांडी मिळते, बाहेरून ते दार उघडत नाही. तुमची अडचण तेवढ्यानं सुटते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे सभागृहाचं बाहेर जाण्याचं दार दोन मीटर रुंद आणि बाहेर उघडणारं हवं, आणि शेवटच्या खुर्चीपासून दारापर्यंतचं अंतर ३० मीटरच्या आत. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावा लागतो, तो घेतला आहे का तेही तपासा. आज संध्याकाळी कुलपं काढा.

प्रश्न : डिसेंबर १९३६मध्ये आमच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूतून टिळकनगर हे अख्खं अधिवेशन-नगर सजवलं, आणि अधिवेशन संपल्यावर सगळं उतरवलं. फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला सत्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, तेही महाविद्यालयाच्या आवारात मंडप घालून. मग एवढ्या पक्क्या इमारती हव्यातच कशाला?
— एक शिक्षिका, यावल तालुका

उत्तर : बाई, तुमच्या प्रश्नानं मला बराच वेळ बसवून ठेवलं. फैजपूरचं काम मला आजही आदर्श वाटतं. मोठ्या शहरातला मंडप उचलून खेड्यात आणला नव्हता. गावाजवळ मिळणारं साहित्य, गावातले हात, आणि जोडीला खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन. हजारो माणसं एकदाच जमणार असतील तर तात्पुरती उभारणीच योग्य आहे. वर्षातल्या तीन दिवसांसाठी पाच हजार आसनांची इमारत बांधणं हा गावाच्या पैशाचा अपव्यय आहे.

पण ते अधिवेशन डिसेंबरात होतं आणि संमेलन फेब्रुवारीत. या महिन्यांत खानदेशचं आभाळ आपल्या बाजूचं असतं. मे-जूनमध्ये वादळी वाऱ्यात रावेर-यावलच्या केळीच्या बागा एका संध्याकाळी आडव्या होतात, हे तुम्ही घराच्या दारातून पाहिलं असेल. त्या वाऱ्यापुढे मंडप टिकत नाही. जुलैत प्रशिक्षण घ्यायचं, ऑगस्टमध्ये आरोग्य शिबिर घ्यायचं, तर डोक्यावर पक्कं छप्पर लागतं. आणि मंडपात स्वच्छतागृहं, पाणी, वीज यांची तात्पुरती सोय दर वेळी नव्यानं करावी लागते. सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात, आणि ते बायकांचे होतात.

म्हणून वर चोपड्याच्या विश्वस्तांना जे लिहिलं, त्याची उरलेली अर्धी बाजू तुमच्या पत्रामुळे सांगता येते. साडेतीन एकरांपैकी हॉल, पडवी, स्वयंपाकघर, मागचं आवार मिळून एका एकरात बसवा. गाड्यांना एक एकर, झाडांच्या सावलीत. कडुनिंब आणि करंज आजच लावा. उरलेलं दीड एकर मोकळं मैदान ठेवा, पण तयार मैदान. मुरूम भरून दाबलेलं, पाण्याला उतार दिलेलं, मंडपाचे खांब रोवायला ठरावीक अंतरावर काँक्रीटमध्ये पुरलेले पोकळ नळे, झाकणांसह. कडेनं जमिनीखालून वीज आणि पाणी, दोन ठिकाणी ड्रेनेजची तोंडं. हॉलच्या स्वच्छतागृहांना मैदानाच्या बाजूनंही एक दार, म्हणजे हॉल बंद असला तरी ती वापरता येतील. पडवीचा कट्टा मैदानाकडे उघडा ठेवा, दोन-तीन हजार माणसांच्या सभेला तेच व्यासपीठ होईल. तुमच्या तालुक्यात असं मैदान कुणी करायला तयार असेल तर मला पत्र टाका. नळ्यांच्या मांडणीचा नकाशा मी काढून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.